नेसिबेलीच्या चॉकलेटमधली चूक

बाजारात तुमच्या कानावर आलंच असेल. सुक्या मेव्याच्या रांगेत दोन मिनिटं उभं राहिलं की कोणी ना कोणी सांगतंच, ती खालच्या गल्लीतली नेसिबेली, बिनसाखरेची चॉकलेटं करते ना, तिचा नवरा तीच चॉकलेटं खाऊन गेला. परवा एका बाईने हे मलाच सांगितलं. मी अक्रोड निवडत होते. अक्रोड तिथेच टाकले आणि घरी आले. तिला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. पण बोलायला हवं होतं, असं माझ्या आयुष्यात इतक्यांदा झालंय की आता त्याचंही काही वाटेनासं झालंय.

मी कुल्याश, नेसिबेलीची थोरली जाऊ. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ तेवढी शाबूत. अल्माटीच्या खालच्या अंगाला, जिथे अजून पाटाचं पाणी दारावरून वाहतं, तिथे एकाच अंगणात आमची दोन घरं आहेत. मध्ये एक जर्दाळूचं झाड आणि कपडे वाळत घालायची दोरी. माझ्या खिडकीतून तिचा ओटा दिसतो, तिच्या खिडकीतून माझं जेवायचं टेबल. चाळीस वर्षं आम्ही दोघी एकमेकींचं सगळं बघत आलोय, आणि तरी मला वाटायचं की माझ्याकडचं एक तिला दिसत नाही. म्हातारी झाले पण अक्कल आली नाही.

तिचा नवरा म्हणजे माझा धाकटा दीर. आमच्यात सुनेने सासरच्या कोणाचंच नाव घ्यायचं नसतं. सासऱ्याचं नाही, नवऱ्याच्या भावांचं नाही, अगदी पाळण्यातल्या दिराचंसुद्धा नाही. प्रत्येकाला आपण आपलं एक नाव ठेवायचं आणि त्या नावाने हाक मारायची. मी एकोणीस वर्षांची या अंगणात आले तेव्हा हा आठ वर्षांचा होता. विजारीच्या दोन्ही खिशांत साखरेचे खडे, गालात एक, हातात एक. मी त्याला शेकर म्हटलं. शेकर म्हणजे साखरच. ते नाव असं चिकटलं की पुढे तो ट्रॉलीबस चालवायला लागला, डोक्यावरचे केस गेले, तरी सगळ्या गल्लीचा तो शेकरच राहिला. त्याचं खरं नाव मी पंचावन्न वर्षांत एकदाही उच्चारलं नाही. आता ते दगडावर कोरलंय. तिथे गेले तरी मी वाचत नाही.

मी आल्यावर दोन वर्षांत सासूबाई गेल्या आणि शेकर माझ्या पदरात पडला. त्याला न्हाऊ घालण्यापासून शाळेत शिक्षकांच्या शिव्या खाण्यापर्यंत सगळं मी केलं. वहिनी आणि धाकटा दीर, हे नातं आमच्याकडे लाडाचंच असतं. थट्टा करायची, पाठीशी घालायचं, आईबापांपासून लपवून हातावर काहीतरी ठेवायचं. मी हे सगळं मन लावून केलं. थांबायचं कधी, ते मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

नेसिबेली झारकेंतकडची. इथल्या चॉकलेटच्या कारखान्यात लागली आणि सव्वीस वर्षं तिथेच राहिली. वितळलेलं चॉकलेट थंड दगडावर ओतायचं, रुंद पात्याने पसरायचं, पुन्हा गोळा करायचं, पुन्हा पसरायचं, म्हणजे ते वड्यांत घट्ट बसतं, चकाकतं आणि मोडलं की टक्क आवाज येतो. हे तिचं काम. पुढे यंत्रं आली तरी ही पात्याच्या टोकावरचा थेंब खालच्या ओठाला लावायची आणि सांगायची, अजून एक डिग्री. यंत्रातही तेवढीच निघायची. बोलणं मात्र अगदी मोजकं. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, ही काय शेकरला सांभाळणार, हिच्या तोंडातून तर शब्द फुटत नाही. खरं सांगायचं तर मी जळत होते तिच्यावर. माझं हातातलं पोर नेलं असंच वाटायचं मला.

शेकरला चौपन्नाव्या वर्षी साखरेचा आजार निघाला. नावातच होती, आता रक्तातही आली, असं तोच हसून सगळ्यांना सांगायचा. डॉक्टरने खाण्यापिण्याची भली मोठी यादी दिली आणि खाली सही करावी तसं लिहिलं, गोड पूर्ण बंद. नेसिबेलीने ती यादी घरी आणली, दोनदा वाचली आणि म्हणाली, गोडाशिवाय हा राहणार नाही, आणि साखर याला मिळणार नाही, मग मलाच काहीतरी करावं लागेल. त्याच वर्षी ती कारखान्यातून निवृत्त झाली. निघताना तिने आपला संगमरवरी दगड मागून घेतला. चार माणसांनी उचलून आणला तो.

पहिल्यांदा तिने साखरेऐवजी माल्टिटॉल नावाची गोड पूड घालून चॉकलेट केलं. चवीला अगदी खऱ्यासारखं. शेकरने एका बैठकीत अर्धी लादी संपवली आणि दुसऱ्या दिवशी त्याची ट्रॉलीबस मधल्याच थांब्यावर उभी राहिली, उतारू आत आणि चालक समोरच्या हॉटेलच्या संडासात. आठवडाभर गल्ली त्यावर हसत होती. पोटाचं एक वेळ राहू द्या, पण मोजल्यावर साखरही वर गेलेली निघाली. माल्टिटॉल बंद. मग एरिथ्रिटॉल नावाची पांढरी पूड आणली. त्या पुडीने रक्तातली साखर वाढत नाही, पण चॉकलेटात ती विरघळत नाही, दाताखाली वाळू आल्यासारखी येते आणि जिभेवर गार लागते. नेसिबेलीने ती कॉफीच्या यंत्रात इतकी दळली की ओट्यावर पिठी उडायची. गोडी कमी पडते म्हणून स्टीव्हिया म्हणून एका गोड पाल्याचा अर्क येतो, त्याचे थेंब घातले, तर मागून कडवट चव यायला लागली. ती मारायला चिमूटभर मीठ, मग मिठाऐवजी किसलेलं कुर्त. दह्याचे वाळवलेले खारट गोळे असतात ना आमचे, ते. ते घातल्यावर मात्र जमलं. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत तिच्या चॉकलेटला असा टक्क आवाज यायला लागला की कारखान्यातल्या जुन्या बायका येऊन वाकून बघून गेल्या.

आणि मग तिने झेंतही केला. आमचा झेंत म्हणजे भाजलेलं वरीसारखं धान्य कुटून त्यात लोणी, साखर आणि वाळवलेला खवा घालून थापलेली वडी. शेकरचा जीव होता त्यावर. धान्य चालायचं नाही म्हणून तिने अक्रोड आणि बदाम भरड दळले, लोण्यात परतले, त्यात थोडा खवा आणि तीच पांढरी पूड, आणि ती वडी चॉकलेटात बुडवली. मी खाल्ली. मनात म्हटलं, झेंताच्या जवळ आलीय बाई. तोंडाने म्हटलं, बदामाची चव लागते. मी अशीच आहे.

साखरवाले लोक मग तिच्याकडे यायला लागले. कोणाची आई, कोणाचा सासरा. लग्नात वधूच्या अंगावर मूठमूठ गोळ्या-चॉकलेटं उधळतात, ती वेचून म्हाताऱ्या खिशात घालतात, शकुनाची म्हणून. तर एका घराने त्या उधळणीतली निम्मी चॉकलेटं नेसिबेलीकडून करून घेतली, आजोबांना वेचता यावीत म्हणून. ते ऐकून ती हसली होती. मला तो दिवस आठवतो, कारण ती फारशी हसत नसे.

एवढं सगळं झालं, पण शेकरची साखर काही खाली येईना. आमच्याकडच्या मापाने ती सातच्या आत हवी, आणि संध्याकाळी मोजली की अकरा, तेरा, कधी चौदा. नेसिबेलीचं ते रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, त्या पानांच्या मागे ती आकडे लिहायची आणि ओट्याच्या वरच्या खिळ्याला टोचून ठेवायची. आधी तिने कोकोवर संशय घेतला. मग बदामावर. मग त्या पांढऱ्या पुडीच्या दुकानावर. तीन दुकानं बदलली. घरात पाव बंद केला, बटाटा बंद केला, स्वतः पण खाल्लं नाही आणि वाळून खारकेसारखी झाली. डॉक्टर विचारायचे, घरी काय खातो? ती सगळं घडाघडा सांगायची. डॉक्टर म्हणायचे, मग असं कसं?

आता माझं सांगते. रोज चार वाजता शेकर माझ्याकडे यायचा. आमच्याकडे दारात आलेला माणूस काहीतरी तोंडात घातल्याशिवाय परत जात नाही. शत्रू आला तरी पावाचा तुकडा मोडून जातो. मग हा तर माझ्या हातचं खाऊन वाढलेला. मी झेंत ठेवायचे. खरा, धान्याचा, साखरेचा. चहात दूध आणि तीन चमचे. आणि बसण्याआधी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे. सात वर्षं. म्हणजे मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. ज्याला कळत नाही तो पडदा ओढत नाही.

एवढ्याशाने काय होतंय, असं मी मनाला सांगायचे. माणूस जन्मभर गोड खात आलाय, एका वडीने मरतोय थोडाच. आणि तो जे म्हणायचा ते ऐकायला मला फार आवडायचं. तो म्हणायचा, "वहिनी, तिकडे जीभ गार होते, इकडे पोट गार होतं." हे ऐकलं की मी आणखी एक वडी ठेवायचे. नेसिबेलीला कारखान्यातल्या बायका वाकून बघायच्या, बघू देत. माझ्याकडे तो पोटभर खायचा. सत्तरीच्या बाईला असली ईर्षा शोभत नाही, पण होती, तर काय करू.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात त्याच्या बुटात एक खिळा वर आला. तो दिवसभर त्या खिळ्यावर चालला, आणि त्याला कळलंच नाही. पाय बधिर झाले होते. संध्याकाळी नेसिबेलीने मोजा काढला तेव्हा मोजा तिच्या हाताला चिकटला. जखम भरेना. मग एक बोट काढलं, मग आणखी दोन. इस्पितळातही तो हसायचा, म्हणायचा, बरं झालं, नखं कापायचा त्रास वाचला. मार्चमध्ये गेला. बासष्ट वर्षांचा होता.

आमच्यात बायकोने नवऱ्यामागे मोठ्याने शोक करायचा असतो, गाऊन, त्याचे गुण सांगत, दारात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकू जाईल असा. नेसिबेली भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला नाही. नातेवाइकांनी नावं ठेवली. मीही रडले नाही, पण मी म्हातारी, मला कोणी विचारलं नाही. कानांत दडे बसतात ना सर्दीने, लोक बोलताना दिसतात पण आवाज लांबून येतो, तसं झालं होतं मला. अजून पुरतं गेलेलं नाही. चहा गरम आहे की गार, हे मला कधीकधी ओठ भाजल्यावर कळतं.

चाळीस दिवस झाले, पाहुणे गेले, तिची मुलगी अक्तोबेला परत गेली. दुसऱ्या दिवशी खिडकीतून बघते तर नेसिबेलीने दगड पुसून घेतलाय आणि चॉकलेट पसरतेय. मला वाटलं, बरं झालं, हाताला काम लागलं. पण ती ते विकत नव्हती. दुपारी तीन वाजता ती एक चॉकलेट खायची. मग खुर्चीवर बसून घड्याळाकडे बघायची. मग शेकरच्या साखर मोजायच्या यंत्राची सुई बोटात टोचायची, थेंब काढायची, आकडा लिहायची आणि पान खिळ्याला लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा, जरा वेगळं माप घेऊन. एका दिवशी बदाम नाही, एका दिवशी कुर्त नाही, एका दिवशी जुन्या दुकानाची पूड. ती चूक शोधत होती. वर्षभर. मी रोज खिडकीतून बघत होते आणि चार वाजता पडदा ओढायला हात आपोआप वर जायचा. ओढायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी जायचा.

तिची बोटं मी एकदा जवळून पाहिली. पीठ मळत होती. टोकं चामड्यासारखी झालेली, त्यावर काळे काळे ठिपके. मी म्हटलं, दुखत नाही का गं? ती म्हणाली, कळत नाही आता. मी पिठाकडे बघत राहिले.

वर्षाचं जेवण जवळ आलं. त्याला आम्ही अस म्हणतो. घोडा कापतात, सगळं गोत जमतं, कुराण वाचलं जातं, त्यानंतर दुखवटा संपतो. त्या आठवड्यात फाटकात मार्झिया आली, कोपऱ्यावरच्या शिवणकामवालीची मुलगी. तिच्या आईला नुकताच साखरेचा आजार निघाला होता, म्हणून बिनसाखरेचा झेंत मागायला आली होती. मी अंगणात चादर झटकत होते. नेसिबेलीने तिला फाटकातच सांगितलं, "माझ्याकडून नेऊ नकोस. माझा माणूस यानेच गेला." इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जसं काही आज दूध नासलं म्हणून सांगावं. मार्झियाचं तोंड उघडंच राहिलं. ती गेली, आणि संध्याकाळपर्यंत गोष्ट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली.

मी चादर तशीच टाकून तिच्या मागे गेले आणि तावातावाने विचारलं, हे काय चालवलंयस. ती म्हणाली, शुक्रवारी जेवणात ती सगळ्यांसमोर उभी राहणार आणि शेकरच्या गोताकडे माफी मागणार. मी त्याला नीट सांभाळलं नाही, माझ्या हातचं खाऊन गेला, मला माफ करा, असं म्हणणार. तसा आमच्यात रिवाज आहे, वर्षाच्या जेवणात कोणाला काही मनात असेल तर बोलून मोकळं व्हायचं आणि घरातल्या थोरल्याने उत्तर द्यायचं. घरातलं थोरलं म्हणजे कोण? माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. थोरली मीच.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. गुरुवारी दुपारी तिच्या घरी मृतासाठीच्या सात पोळ्या तळून झाल्या होत्या, तेलाचा वास भरला होता, आणि ती दगडापाशी उभी राहून रोजचं चॉकलेट पसरत होती. मी दारातच उभी राहिले, कारण बसले असते तर बोलले नसते.

"नेसिबेली, चॉकलेटात चूक नाही."

"असणार," ती म्हणाली. "मला सापडली नाही एवढंच."

"शेकर रोज चार वाजता माझ्याकडे यायचा. मी त्याला झेंत द्यायचे, साखरेचा. चहात तीन चमचे. सात वर्षं दिला."

तिचं पातं थांबलं नाही. तिने चॉकलेट गोळा केलं, पुन्हा पसरलं, टोकावरचा थेंब ओठाला लावून बघितला. मग म्हणाली, "माहीत आहे, जाऊबाई."

मी विचारलं, कसं?

"रोज चार वाजता तुमचा पडदा ओढला जायचा. भर उन्हाळ्यातसुद्धा," ती म्हणाली. "आणि घरी यायचा तेव्हा त्याच्या मिशीत धान्याची कणी असायची. मी पुसून टाकायचे."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले असते तर तो खोटं बोलायला लागला असता, तोवर नुसता लपवत होता. आणि तुमच्याकडून येताना तो शीळ घालत यायचा. हे शेवटचं तिने माझ्याकडे न बघता सांगितलं.

"मग वर्षभर ही बोटं का फोडून घेतलीस?"

तिने चॉकलेट साच्यात ओतलं, साचा ओट्यावर दोनदा आपटला, हात पुसले.

"चूक माझ्या चॉकलेटात सापडली असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "नाही सापडली तर मग ती तुमच्या घरात आहे. आणि मला आता तुमच्याशिवाय कोण आहे? अंगण एकच आहे आपलं. रोज सकाळी उठून तुमच्या तोंडाकडे बघायचंय मला." मग म्हणाली, "उद्या चारचौघांत माझ्या नावावर झालं की मिटलं. तुम्ही उठू नका."

मी म्हटलं, उठणार, आणि सगळं सांगणार. ती म्हणाली, तुमची मर्जी. मी वळले तर तिने आदल्या दिवशीचं एक चॉकलेट बशीत घालून पुढे केलं, चव घेतल्याशिवाय जाऊ नका म्हणून. मी खाल्लं. टक्क आवाज आला, मग जीभ गार झाली.

शुक्रवारी साठ माणसं होती. माझा मुलगा बाग्दात मधल्या जागी बसला होता, सून माझ्या शेजारी चहा ओतत होती, नातवंडं सगळी समोर. मुल्लांनी कुराण वाचलं, सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले, मांस वाढून झालं. मग नेसिबेली दारापाशी उभी राहिली, हातात वाट्या पुसायचं फडकं तसंच. म्हणाली ते सगळं, जसं ठरवलं होतं तसं. आवाज चढला नाही, उतरला नाही. म्हणाली, साखर टाळून गोड खाऊ घालायचा हट्ट केला, तो माझा होता, आणि त्यात माझ्या हातून चूक झाली. मला माफ करा.

मग सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. थोरलीने उत्तर द्यायचं होतं. गुडघ्यांचं कारण मी सांगणार नाही. गुडघे दुखतातच, पण त्या दिवशी मी जेवायला आलेल्या माझ्या आत्याच्या नातीचं हवं-नको बघायला तीनदा उठले होते. समोर नातवंडं होती. सून होती, तिच्या आईला उद्या तिने सांगितलंच असतं. बाग्दात होता, त्याला लहानपणी काकाने खांद्यावर बसवून ट्रॉलीबसची घंटा वाजवू दिली होती. मी चहाच्या वाटीभोवती दोन्ही हात धरले. वाटी गरम होती म्हणे, नंतर सुनेने तळव्याला मलम लावलं. मला तेव्हा कळलं नाही.

मी म्हटलं, "आमच्या मनात काही नाही. आम्ही तुला माफ केलं."

हो. मी तिला माफ केलं. साठ माणसांसमोर. आमेन म्हणून लोकांनी पुन्हा तळवे फिरवले आणि जेवायला लागले. नेसिबेलीने मान हलवली आणि वाट्या पुसायला घेतल्या.

त्याला आता पाच महिने झाले. तिच्याकडे कोणी येत नाही. मार्झियाची आई म्हणे दुकानातली बिनसाखरेची बिस्किटं खाते. बाजारात तुम्ही ऐकलंत तेच सगळे बोलतात, आणि वर म्हणतात, सासरची माणसं किती मोठ्या मनाची, थोरल्या जावेने भर पंगतीत माफ केलं. हे ऐकलं की मला वाटतं, माझ्या डोक्यावर कोणीतरी ती वाटी उपडी करावी.

नेसिबेली सुई टोचत नाही आता. यंत्र तिने गुंडाळून ठेवून दिलं. पण चॉकलेट रोज करते, आणि चार वाजता अंगण ओलांडून एक घेऊन माझ्याकडे येते. शेकरच्या जागेवर बसते. मी पडदा ओढत नाही. मी चहा ठेवते, ती बशी पुढे करते आणि विचारते, "गोड झालंय का?" मी म्हणते, झालंय. खरंच झालेलं असतं. माझ्या हातचं ती पावाचा तुकडा तेवढा खाते. झेंत मी तेव्हापासून केलेला नाही. आम्ही फार बोलत नाही. रडत तर मुळीच नाही. दोन बायका बसून चहा पितात, एवढंच कोणालाही खिडकीतून दिसेल.

त्या शुक्रवारी उठले नाही, म्हणून आज बसल्या बसल्या तुम्हाला सांगतेय. नेसिबेलीच्या चॉकलेटात चूक नव्हती. वर्षभर तिने स्वतःच्या रक्तात शोधली, रोज पाच पॉइंट चार, पाच पॉइंट पाच, एकदाही वर नाही. ती पानं अजून खिळ्याला आहेत, जाऊन बघा. मार्झियाला सांगा, आईसाठी निःशंक घेऊन जा म्हणावं. आणि कोणी विचारलं हे कोणी सांगितलं, तर माझं नाव घ्या, कुल्याश म्हणून. माझं नाव घ्यायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही.